हरीण पाण्याकाठी मेलेलं दिसलं की कुत्र्यांवर ढकलू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, उपवन तलावावरून येऊरच्या जंगलात सकाळी चालायला जायची जुनी सवय आहे. मागच्या ऑक्टोबरला, पाऊस जाऊन ऊन नुकतं तापायला लागलं होतं तेव्हा, ओढ्याच्या काठाला चितळाची मादी मरून पडलेली दिसली. तोंड पाण्याला लागलेलं, जीभ बाहेर, सुजलेली, नाकापाशी फेस आणि अंगावर चावल्याची एक खूण नाही. तरी जमलेल्या लोकांनी कुत्र्यांनी मारलं असं ठरवूनही टाकलं. फोन केला, दुपार उलटल्यावर गाडी आली आणि उचलून घेऊन गेली. कशाने मेलं ते विचारायला मी नंतर दोनदा गेलो, पण सँपल घेतलं होतं का एवढंसुद्धा कोणी सांगेना.

माझी भाची अमेरिकेत ओहायोला असते, तिला फोटो पाठवला तर म्हणाली मामा, आमच्याकडे उन्हाळा संपता संपता हरणं अशीच तळ्याकाठी मरतात. तिकडे त्याला ईएचडी (एपिझूटिक हेमोरेजिक डिसीज, म्हणजे हरणांना व्हायरसमुळे होणारा रक्तस्रावाचा रोग) म्हणतात, १९५५ साली न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडला आणि २०१२च्या दुष्काळात तर कितीतरी राज्यांत साथ आली. हा व्हायरस पसरवतात चिलटं, डासापेक्षाही बारीक. पाणी आटलं की काठाचा चिखल उघडा पडतो, त्यात ती वाढतात, आणि पाणी थोडंच उरल्यामुळे हरणंही तिथेच गोळा होतात. चिलट चावल्यावर आठवड्याभरात ताप चढतो, आत रक्तस्राव होतो, अंगाची आग होते म्हणून बिचारं जनावर पाण्यात जाऊन बसतं आणि लक्षणं दिसल्यावर कधीकधी दीड दिवसात संपतं. एका हरणाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, माणसालाही होत नाही. तिकडे कडक थंडी पडली की चिलटं मरतात आणि साथ थांबते, ठाण्यात तशी थंडी कुठे पडते?

येऊरला ईएचडी आलाय असं मला बिलकुल म्हणायचं नाही, नुसत्या जिभेवरून कोणी तसं सांगूही शकत नाही. पण याच व्हायरसचा भाऊबंद, मेंढ्यांचा ब्लू टंग म्हणजे नीलजिव्हा, आपल्या महाराष्ट्रात १९६४ पासून माहीत आहे आणि तोही चिलटांमुळेच होतो. शिवाय २०२२ला लम्पीने गाईगुरांचे काय हाल केले ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा निदान गाई मालकाच्या दावणीला होत्या म्हणून कळलं तरी, लस तरी टोचता आली, जंगलातल्या चितळाला कोण विचारणार? जंगलाला लागून गुरं आहेत, तबेले आहेत, चिलटांना गाय काय आणि हरीण काय.

म्हणून वनखातं आणि पशुसंवर्धन खातं यांना माझी कळकळीची विनंती आहे की पाण्याजवळ मेलेलं प्रत्येक हरीण त्याच दिवशी तपासा, आपल्या उकाड्यात मढं काही तासांत सडतं आणि मग सँपलचा काही उपयोग राहत नाही. रक्त आणि प्लीहेचा तुकडा बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवायचा, ठाण्याहून ते काही लांब नाही. आणि चालायला येणाऱ्यांनी हात न लावता फोटो काढावा, वेळ लिहून ठेवावी आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर लगेच कळवावं. हा नंबर येऊरच्या गेटवर मोठ्या अक्षरात लावा, तेवढं तरी यंदाच्या ऑक्टोबरच्या आधी होऊ दे.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)