दवादारूतली दारू

संपादक महोदय, स. न.

कालच्या पुरवणीतला 'दारू' शब्दावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड, लाकडी पिंपात मुरवतात म्हणून ती दारू, हे कुठून आणलं? आपल्या मोहाच्या दारूनं पिंप कधी बघितलंय? शब्द फारसीतून आला आणि तिथं त्याचा अर्थ औषध. इराणात आजही औषधाचं दुकान म्हणजे दारूखाना, आपल्याकडे मात्र तोफेच्या दारूचं कोठार. अभ्यासक फारसी दारूचं संस्कृत दारुशी लांबचं नातं लावतात ते झाडपाल्याच्या औषधामुळं, पिंपामुळं नाही! अर्क शब्दाचंही तेच, तोही बाहेरून आलेला, अरबीत अरक म्हणजे घाम, अर्क काढताना भांड्याच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना तसा.

मला एवढा राग का येतो ते सांगतो. माझी मुलगी पाचवीत असताना तिनं 'माझी आजी' निबंधात लिहिलं, 'आजी आजारी पडली तेव्हा आईने तिची दवादारू केली.' बाईंनी दवादारूभोवती लाल गोल काढला, समासात 'असभ्य शब्द' लिहिलं आणि २ मार्क कापले. पोरगी रडत घरी आली, कारण तो शब्द तिला आजीनंच शिकवलेला. मी दुसऱ्या दिवशी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश घेऊन शाळेत गेलो, तर बाई म्हणाल्या, अहो पण मुलांच्या वहीत दारू कशी चालेल? म्हटलं, मग इतिहासाच्या पुस्तकात दारूगोळा कसा चालतो? कोश त्यांनी उघडलासुद्धा नाही आणि मार्क काही मिळाले नाहीत. मुलगी आता नोकरीला लागली, पण तेव्हापासून तिच्या तोंडून दवादारू शब्द मी ऐकलेला नाही, ती ट्रीटमेंटच म्हणते. माझी आई गेली आणि आमच्या घरातून हा शब्दही गेला.

तुमचा पेपर घरोघरी जातो, शिक्षकही वाचतात, मग असा लेख छापायच्या आधी एकदा कोश उघडून बघायला काय हरकत होती? आणि हो, मथळ्यात 'दारु' ऱ्हस्व आणि आत 'दारू' दीर्घ, एकाच पानावर! मराठीत शेवटचा उकार दीर्घ, हे तुमच्या मुद्रितशोधकांना मी सांगायचं का?

मागच्या वेळी माझं पत्र निम्मं कापलं होतंत आणि मुद्दाच गेला होता. या वेळी निबंधाचा भाग तरी पूर्ण छापा.

आपला,
एक जुना वाचक