सोसायटीचा हिशेब सभेच्या आधी सभासदांच्या हातात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर हा गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा महिना. राज्यात अशा संस्था एक लाखाहून अधिक आहेत आणि ३१ मार्चला संपलेल्या वर्षाची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे त्या सगळ्यांवर बंधनकारक आहे. या सभांमध्ये पार्किंग, गळती आणि भाडेकरू यांवरून आवाज चढतात. ताळेबंद मात्र ‘मंजूर, मंजूर’ म्हणत दोन मिनिटांत पुढे सरकतो. कारभाराबद्दल वर्षभर चालणारी बरीचशी कुरबुर ताळेबंद नीट वाचला गेला तर सभेतच मिटेल. त्यासाठी कागद सभेच्या आधी सभासदांच्या हातात असावे लागतात. ते तसे नसतात, हीच आमची मुख्य तक्रार आहे.

वेळापत्रक कायद्याने आणि नियमांनी आखून दिलेले आहे. वर्ष संपल्यापासून ४५ दिवसांत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, हिशेबपत्रके तयार व्हायची. लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत पुरे व्हायचे. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघायची. हे पाळले तर ऑगस्टअखेर ताळेबंद आणि ऑडिट रिपोर्ट घरोघरी पोहोचायला काही अडचण राहत नाही. होते असे, की व्हाउचर जुलैपर्यंत गोळा होत नाहीत, रिपोर्ट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि नोटिशीला नुसती विषयपत्रिका जोडली जाते. ‘हिशेब कार्यालयात पाहता येतील’ एवढे एक वाक्य खाली असते, आणि कार्यालय संध्याकाळी तासभरच उघडे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बारा पानांची पीडीएफ टाकायला खर्च येत नाही. नोटिशीबरोबरच ती टाकली गेली पाहिजे.

सभासदाने मागितले तर दाखवायचे की नाही, हा समितीच्या मर्जीचा प्रश्न नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यातल्या कलम १५४ब-८ नुसार उपविधी (सोसायटीची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचे आणि समितीच्या सभांचेही इतिवृत्त, शिवाय स्वतःच्या खात्याच्या नोंदी सभासदाला विनामूल्य पाहता येतात आणि शुल्क भरून प्रती घेता येतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी मागणीचा पुढे काहीच उपयोग होत नाही. सोसायटीने निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, दाखल केलेली कागदपत्रे माहिती अधिकाराखाली उपनिबंधक कार्यालयातूनही मागवता येतात.

कागद हातात आल्यावर काय पाहायचे? आमच्या मते सगळ्यात आधी एकच ताळा करावा. ताळेबंदाच्या देयतांच्या बाजूला सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी किती दाखवले आहेत ते पाहावे, आणि मालमत्तेच्या बाजूला बँकेतल्या मुदत ठेवी किती आहेत ते. समजा सिंकिंग फंड १८ लाख, दुरुस्ती निधी ९ लाख, मिळून २७ लाख. आणि ठेवी मात्र १४ लाख. मग १३ लाख कुठे आहेत? काही रक्कम सभासदांच्या थकबाकीत अडकलेली असते. उरलेली रोजच्या खर्चात गेलेली असते आणि ताळेबंदात ‘संचित तूट’ या नावाने बसलेली असते. यात कुणी पैसे खाल्ले असे समजायचे कारण नाही. सुरक्षारक्षकांचे पगार, विजेचे बिल, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार हे सगळे दरवर्षी वाढते, पण सभेत ओरड होईल म्हणून मेंटेनन्स सहा-सहा वर्षे वाढवला जात नाही. तूट निधीतून भागवली जाते. इमारत तिशीला येते, प्लास्टर सुटू लागते, आणि मग एकदम प्रत्येक घरामागे लाख-दीड लाखाची वर्गणी मागायची वेळ येते. भांडण तेव्हा होते. चूक मात्र कितीतरी आधीपासून ताळेबंदात दिसत असते.

निधी किती गोळा करायचा हेही २०१४च्या आदर्श उपविधींत, म्हणजे सहकार खात्याच्या नमुना नियमावलीत, आहे. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. जमिनीची किंमत यात धरायची नाही. एखाद्या घराचा बांधकाम खर्च १२ लाख असेल, तर सिंकिंग फंड वर्षाला ३,००० म्हणजे महिना २५० रुपये, आणि दुरुस्ती निधी वर्षाला ९,००० म्हणजे महिना ७५० रुपये. आपले बिल काढून पाहा. अनेक सोसायट्यांत या दोन्ही रकान्यांत मिळून दीड-दोनशे रुपये असतात आणि मेंटेनन्स कमी ठेवल्याबद्दल समितीचे कौतुक होते. हे कौतुक फार महागात पडते.

बिलातल्या बाकीच्या रकान्यांतही हाच घोळ आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सुरक्षारक्षक, सफाई, जिन्यातली वीज, कार्यालयीन खर्च हे सेवाशुल्क सर्व घरांना समान असते. मोठ्या घराला चौरस फुटांवर जास्त लावता येत नाही. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा, तळमजल्यावाल्यांसह. पाण्याचे शुल्क नळजोडण्यांच्या संख्येवर. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७०खाली नोंदलेल्या अपार्टमेंटमध्ये मात्र हिशेब वेगळा: तिथे सामाईक खर्च प्रत्येक घराच्या सामाईक मालमत्तेतल्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. पुण्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी आहेत आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावून वाद घातले जातात. आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे आधी तपासावे. घर भाड्याने दिले तर नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क २,००० असेल तर महिना २०० रुपये. ‘आमच्याकडे ठराव झाला आहे’ म्हणून दोन-तीन हजार घेणाऱ्या सोसायट्या आहेत. तो ठराव टिकणारा नाही. थकबाकीवरचे व्याज सरळव्याज असते आणि त्याची कमाल मर्यादा २०१४च्या आदर्श उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्के. ३,००० रुपयांचे बिल महिनाभर उशिरा भरले तर जास्तीत जास्त साडेबावन्न रुपये. काही लेखा सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

ठेवी कुठे आहेत हा प्रश्न सभेत जवळपास कुणीच विचारत नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा मुंबई परिसरातल्या कित्येक सोसायट्यांचे निधी तिथे अडकले. पाणीबिल भरायला पैसे उरले नाहीत अशी पाळी आली. ठेव विम्याची मर्यादा २०२०पासून ५ लाख रुपये आहे आणि ती एका बँकेतल्या एका ठेवीदाराला लागू होते. सोसायटी हा एकच ठेवीदार. घरे १२० असोत की १२, एका बँकेत ४० लाख ठेवले तर विमा ५ लाखांचाच. अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी सगळे एकाच बँकेत ठेवणे योग्य नाही. ठेवींची यादी बँक, रक्कम, मुदत आणि नाव यांसह अहवालाला जोडली पाहिजे.

दुरुस्तीच्या कामांत सगळ्यात जास्त पैसा जातो आणि सगळ्यात जास्त संशयही तिथेच धरला जातो. देखभाल-दुरुस्तीच्या एकावेळच्या खर्चाला समितीची मर्यादा आहे: २५ सभासदांपर्यंत २५ हजार, ५० पर्यंत ५० हजार, त्यापुढे एक लाख. त्यावर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. २ लाख ७० हजारांचे वॉटरप्रूफिंग ९० हजारांच्या तीन बिलांत दाखवले की ही मर्यादा कागदावर पाळली जाते, म्हणून बिलांच्या तारखा आणि ठेकेदाराचे नाव एकत्र पाहावे. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात अशी मंजुरी घेता येत नाही. ज्याला रीतसर नोटीस लागते तो विषय ऐनवेळी घ्यायचाच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे म्हणजे ठराव नव्हे.

तीन कोटेशन मागवली एवढ्याने स्पर्धा झाली असे होत नाही. एकाने गच्चीचे २,८०० चौरस फूट धरलेले असते, दुसऱ्याने पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) आतली बाजू धरून ३,४००, तिसऱ्याने जुने कोबे काढण्याचा खर्च वेगळा दाखवलेला. हे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ते दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी करायचेच असते. त्यावरून सल्लागार इंजिनिअरकडून कामांचे परिमाणपत्रक, म्हणजे कोणते काम किती मापाचे याची यादी, करून घ्यावे आणि तेच पत्रक प्रत्येक ठेकेदाराला द्यावे. त्याने फक्त दर भरायचे. मग तुलनात्मक तक्ता सभेपुढे ठेवावा. करारात आगाऊ रक्कम १० टक्क्यांच्या आसपास, पुढची रक्कम मोजमाप घेतल्यावर, आणि किमान ५ टक्के दोषदायित्वाच्या मुदतीपर्यंत (कामातला दोष ठेकेदाराने भरून द्यायची मुदत) राखून. गच्चीच्या कामाला ही मुदत निदान दोन पावसाळ्यांची हवी, कारण पहिल्या पावसात न झिरपलेली भेग दुसऱ्यात झिरपते. आगाऊ ४० टक्के घेऊन ठेकेदाराने परांची बांधली की सोसायटीच्या हातात काही उरत नाही.

समित्यांची बाजूही मांडायला हवी. पदाधिकारी बिनपगारी काम करतात. आग प्रतिबंधाचा बी-नमुना (आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र) जानेवारी आणि जुलैत भरणे, लिफ्टची तपासणी, टाक्यांची सफाई हे सगळे त्यांच्याच गळ्यात असते. सभेला दोन-तृतीयांश किंवा २० सभासद, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. १२० घरांच्या सोसायटीत २० माणसे येत नाहीत, अर्ध्या तासाने तहकूब सभा भरते, तिला गणपूर्तीची अट नसते, आणि नऊ जण सगळ्यांच्या पैशाचा निर्णय घेतात. तो निर्णय कायदेशीर असतो. घरी बसलेल्यांनी नंतर गटावर संताप काढून तो बदलत नाही. इतिवृत्ताचा मसुदा तीन महिन्यांत पक्का करून १५ दिवसांत सगळ्यांना मिळाला पाहिजे. हरकत असेल तर पुढच्या १५ दिवसांत सेक्रेटरीला लेखी कळवावी.

निषेध म्हणून मेंटेनन्स थांबवणे ही सभासदांची सगळ्यात नुकसानीची चाल. तीन महिन्यांपुढे थकबाकीदार ठरलात की समितीची निवडणूक लढवता येत नाही आणि सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला निघू शकतो. रक्कम ‘हरकत कायम ठेवून’ असे लिहून भरावी आणि वाद योग्य ठिकाणी न्यावा. तसेच समितीनेही वसुली याच कलमाने करावी. थकबाकीदाराचे पाणी तोडणे हा वसुलीचा मार्ग नाही. तक्रार आधी सोसायटीकडे लेखी. समाधान झाले नाही तर कागदपत्रे न देणे, सभा न घेणे, सभासदत्व यासाठी उपनिबंधक. ठराव, पार्किंग, दुरुस्तीचे वाद यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ९१खाली सहकार न्यायालय. अनधिकृत बांधकामासाठी महापालिका. चुकीच्या दारात गेल्याने वर्ष-वर्ष वाया जाते.

सहकार खात्याकडे आमची एक मागणी आहे. लेखापरीक्षणात दोष निघाले तर कलम ८२ प्रमाणे तीन महिन्यांत दोष दुरुस्ती अहवाल, म्हणजे ‘ओ’ नमुना, निबंधकांकडे द्यायचा आणि पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा असतो. ऑडिटरने ‘ठेवी निधीपेक्षा कमी’, ‘थकबाकीची यादी जुळत नाही’ असे शेरे वर्षानुवर्षे तेच लिहायचे आणि कुणी उत्तर द्यायचे नाही, असे चालले आहे. सभासदांना तर हे शेरे दिसतही नाहीत. प्रत्येक उपनिबंधक कार्यालयाने आपल्या विभागातल्या संस्थांची यादी ऑक्टोबरमध्ये फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी. रकाने तीनच पुरेत: लेखापरीक्षण अहवाल कोणत्या तारखेला आला, वार्षिक सभा कोणत्या तारखेला झाली, आणि मागच्या वर्षीचा ‘ओ’ नमुना दाखल आहे की नाही.

आपले,
गृहनिर्माण संस्थांचे काही सभासद, ठाणे