गटातल्या पोस्टचा क्रम आणि 'निकाली' काढलेली मागणी

प्रति,
उत्पादन विभाग प्रमुख व ग्राहक सेवा विभाग

विषय: गटांमधील पोस्टचा कालक्रम काढल्याबद्दल आणि त्याविषयीच्या सूचनांची दखल न घेतल्याबद्दल तक्रार.

महोदय/महोदया,

तुमच्या मंचावर मी नऊ वर्षांपासून सदस्य आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांचा एक गट मी तिथे चालवते. आमचा दिवस पेशंटच्या मागे जातो. फोन हातात येतो तो रात्री, निजानीज झाल्यावर.

मागच्या महिन्यातल्या अपडेटनंतर गटातल्या पोस्ट लागलेल्या क्रमाने दिसेनाशा झाल्या. त्याजागी 'तुमच्यासाठी निवडक' आलं. जास्त लाइक असतील ते वर, बाकीचं खाली. आमच्यातल्या एका ताईंनी रात्री दीडला विचारलं होतं, "आई चार तास घरभर फिरतेय, बस म्हटलं की चिडते, काय करू?" मला ती पोस्ट तिसऱ्या दिवशी दिसली, तीही वाढदिवसाच्या एका जुन्या फोटोखाली. पूर्वी अशा प्रश्नाला दहा मिनिटांत कोणीतरी उत्तर द्यायचं: अडवू नका, थोडं त्यांच्याबरोबर फिरा, लघवीला जायचंय का, कुठे दुखतंय का ते बघा. त्या रात्री कोणीच बोललं नाही. आपण सारखं विचारतो म्हणून लोक कंटाळले, असा त्या ताईंनी अर्थ लावला. हे मला फार लागलं.

मी 'तुमचे मत कळवा'मध्ये हे सगळं लिहिलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' एवढंच उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. सूचना विभागात जुना क्रम परत मागणाऱ्या नोंदीला रोज मतं पडत होती. एक दिवस मतांचा आकडा गायब झाला आणि नोंदीवर 'निकाली' असा शेरा आला. क्रम तर अजून परत आलेला नाही. मग निकाली काय निघालं?

तिसऱ्या वेळी तुमच्या प्रतिनिधीने कळवलं की वापर वाढला आहे, म्हणजे लोकांना बदल आवडला आहे. ॲप उघडलं की तेच पान समोर येतं, दुसरा मार्गच ठेवलेला नाही. कालचा प्रश्न सापडेपर्यंत मी पानं सरकवत बसते, आणि माझी ती शोधाशोध तुमच्या हिशेबात आवड म्हणून धरली जाते. हे मोजमापच चुकीचं आहे.

लोकांना हळूहळू सवय होते, असंही त्या पत्रात होतं. सप्टेंबर २००६मध्ये फेसबुकने न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या हालचाली एकत्र दाखवणारं पान, आणलं तेव्हाही मोठा विरोध झाला होता आणि फीड टिकलं, हे खरं. पण काही दिवसांतच कंपनीच्या प्रमुखाने जाहीरपणे चूक मान्य केली आणि आपली कोणती माहिती फीडमध्ये जावी हे ठरवण्याची सोय लोकांना दिली. इन्स्टाग्रामने २०१६मध्ये कालक्रम बदलायला घेतला आणि २०२२मध्ये तो पर्याय म्हणून परत दिला. सहा वर्षांनीसुद्धा लोक तो मागतच होते. आमच्या पेशंटकडे सहा वर्षं असतीलच असं नाही.

नवं फीचर काढून टाका, असं मी म्हणत नाही. ज्यांना हवं त्यांनी वापरावं. गटांना मात्र 'नवीन आधी' हा पर्याय द्या, आणि एकदा निवडला की तो तसाच राहू द्या. ॲप बंद करून उघडलं की मूळपदावर येणारा नको. त्या नोंदीवरचा 'निकाली' शेरा काढा, मतांचा आकडा पुन्हा दाखवा आणि मागणी मान्य नसेल तर तसं कारणासह लिहा. नकार ऐकायची माझी तयारी आहे.

आणखी एक. गट दुसरीकडे न्यायची वेळ आली तर म्हणून मी जुन्या पोस्ट डाउनलोड करून पाहिल्या. तुमच्या सोयीतून फक्त प्रश्न मिळतात, त्याखालची उत्तरं येत नाहीत. नऊ वर्षांत रात्री जागून लोकांनी जे लिहिलं ते त्या उत्तरांत आहे. ती मिळण्याची व्यवस्था कृपया आधी करा.

आपली,
गटाची संचालिका