या उन्हाळ्यात येणं होत नाही

आर्बुटस, मेरीलँड
११ मे

ती. आई आणि बाबांस,
सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे, हे आधीच लिहिते, कारण आई पत्र हातात घेतल्याबरोबर तेच शोधणार. थंडी सरली, खोकला गेला. जेवणाखाण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. फोनवर पाचजण एकदम बोलतात आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले. मागच्या रविवारी मामा मध्येच बोलला आणि मी गप्प झाले, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मामाचं म्हणणं, "त्या काळ्या पोरांत जास्त मिसळू नको, बाल्टिमोरच्या बातम्या आम्ही बघतो." त्याला काळजी वाटते, मान्य. पण आई, आमचं विद्यापीठ शहराच्या आत नाही, कॅटन्सव्हिलच्या बाजूला आहे. रात्री उशीर झाला तर मला दारापर्यंत सोडायला येतात ती हीच पोरं. आणि बाबा, "त्यांच्यात मिसळू नका" हे आपल्या घराने कोणाकोणाच्या तोंडून ऐकलंय, ते मी तुम्हाला काय सांगू? तेच वाक्य आपल्या माणसाच्या तोंडून ऐकलं, म्हणून मला बोलवेना. मामाशी तुम्हीच बोला.

मी शिकवते त्या कार्यक्रमाबद्दल मामाने विचारलं होतं, हे आपल्यासारखं आरक्षण आहे का. नाही. मी ज्यांना गणित शिकवते ती मुलं मायरहॉफ स्कॉलर्स या शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमातली. रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या नवराबायकोने १९८८ साली देणगी दिली आणि पुढच्या वर्षी १९ कृष्णवर्णीय मुलांची पहिली तुकडी आली. विज्ञान-गणितात या मुलांनी पीएचडीपर्यंत जावं, हा हेतू. हे उभं केलं फ्रीमन ह्रबाउस्की यांनी. बाबा, हा माणूस तुम्हाला आवडेल. गणिताचा प्राध्यापक, आणि १९६३ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमला वंशभेदाविरुद्धच्या मुलांच्या मोर्चात गेला म्हणून बाराव्या वर्षी पाच दिवस तुरुंगात होता. १९९२ ते २०२२, तीस वर्षं ते इथले अध्यक्ष होते. कार्यक्रमात १९९० पासून मुलीही आल्या. मेरीलँडमधल्याच कॉलेज पार्कच्या विद्यापीठात फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी एक शिष्यवृत्ती होती, ती १९९४ मध्ये कोर्टाने बेकायदा ठरवली. त्यानंतर १९९६ पासून आमच्याकडे हा कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला झाला, पण रीत तीच राहिली. मॉडर्नाच्या करोना लसीमागच्या संशोधनातली किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातली. हे मामाला नक्की सांगा, त्याने दोन्ही डोस कोणते घेतले ते मला माहीत नाही, पण लस घेतली होती.

आता रीत म्हणजे काय, ते सांगते. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्राइझमन नावाच्या गणितवाल्याने बघितलं, की कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये का नापास होतात. ती आळशी नव्हती, घरच्यांचा पाठिंबाही होता. पण ती एकेकटी अभ्यास करायची. चिनी मुलं रात्री एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढायची. मग त्याने अवघड गणितं देऊन मुलांना एकत्र बसवलं, आणि निकाल बदलला. सोपी शिकवणी नाही लावली, हे महत्त्वाचं.

आमच्याकडेही कुणाला एकटं बसू देत नाहीत. फेब्रुवारीतली गोष्ट. एक मुलगा कोपऱ्यात एकच इंटिग्रल पुन्हापुन्हा करत होता. खोडून खोडून कागद फाटला, तर त्या भोकाशेजारी लिहायला लागला. तीन आठवडे त्याला काही कळत नव्हतं आणि त्याने कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं तर 'हा इथे आलाच कसा' असं लोकांना वाटेल, ही भीती. मी उठायच्या आधी दोन मुली खुर्च्या ओढत त्याच्याकडे गेल्या, आणि एकीने आपला ३८ गुणांचा पेपर त्याच्यापुढे ठेवला. बाबा, मला तुमचं नागसेनवन आठवलं. मिलिंद कॉलेजच्या वसतिगृहात तुमचे सीनियर तुमच्याकडून बीजगणित घोटून घ्यायचे, गावाहून आलेली भाकरी सगळ्यांत वाटायचे. बाबासाहेबांनी १९५० साली ते कॉलेज काढलं नसतं तर तुम्ही कुठे असता, असं तुम्हीच म्हणता. त्याच मुलाने मला विचारलं, तुम्ही आमच्यासाठी एवढं का करता? मी म्हटलं, अस्पृश्यांची आणि तुमची स्थिती सारखीच आहे, असं १९४६ साली बाबासाहेबांनी तुमचे कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्रात लिहिलं होतं. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर ते शोधलं आणि उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. मला नंतर शिकवता आलं नाही त्या दिवशी.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या वर्षी कळलीच नव्हती. पदवीच्या झग्यावर इथे गळ्यात एक लांब पट्टा घालतात. कृष्णवर्णीय मुलांचा तो केंटेचा असतो, म्हणजे घानातलं विणलेलं कापड, पिवळा-हिरवा-लाल. उपरणं नाही, सत्काराची शालही नाही. तो मुलाने स्वतः घालायचा नाही आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्तेही नाही. मुख्य समारंभाच्या आधी वेगळा कार्यक्रम होतो, त्यात मुलाने एक माणूस निवडायचा, त्या माणसाने तो घालायचा. कुणी आईला आणतं, कुणी शाळेतल्या बाईंना, एकाने लहान भावाला आणलं होतं, त्याचा हातच पोचेना. परवा एका मुलीची आजी आली. पट्टा घातला, सरळ केला, पुन्हा काढला, झग्याची सुरकुती झटकली आणि परत घातला. सगळं सभागृह ओरडत होतं, आजीला मात्र काही घाई नव्हती. आपल्याकडे असं असतं तर मी कुणाला बोलावलं असतं, हे लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

आता ज्याच्यासाठी पत्र लांबवलं ते. नव्या मुलांचे सहा आठवड्यांचे उन्हाळी वर्ग आहेत, आणि मी शिकवायला होकार दिला आहे. म्हणजे बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नसणार. येते म्हणाले होते. व्हिसाचंही भ्या आहे, पण तेवढंच कारण आहे असं खोटं सांगत नाही. ८०,००० रुपये आईच्या खात्यावर पाठवले आहेत. लेन्स चांगली घाला, स्वस्तातली नको. उरले तर गच्चीचं गळणं बघा. आई, रागावलीस तर फोनवर रागाव, बोलणं बंद करू नको.

नांदेडच्या स्थळाला नाही म्हणत नाहीये. डिसेंबरमध्ये येते तेव्हा भेटते, पण मी काय काम करते ते त्यांना आधीच सांगा, मामाच्या भाषेत नको.

बाबा, थेंब वेळेवर घाला. आणि वसतिगृहात तुमची खोली कितव्या नंबरची होती? परवा त्या मुलाने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

तुमची,
माई