इतिहासाच्या वादात इतिहासकाराला आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुतळा, नामांतर, चित्रपट किंवा एखाद्या राजपुरुषाची जयंती यांवरून वाद पेटला की वृत्तपत्रे आणि वाहिन्या प्रथम पक्षप्रवक्त्यांकडे व संघटनांच्या पदाधिकाऱ्यांकडे धाव घेतात. ज्यांनी त्या काळाची कागदपत्रे वाचण्यात आयुष्य घालवले त्या इतिहासकारांची आठवण सर्वांत शेवटी होते, आणि झाली तरी ‘खरे की खोटे, एका वाक्यात सांगा’ असा आग्रह धरला जातो. इतिहासकाराचे खरे काम त्या एका वाक्यापर्यंत पोहोचण्यात असते आणि नेमके तेच वाचकांपुढे येत नाही, अशी माझी तक्रार आहे.

हे काम कसे चालते, ते आपल्या नागपूरच्याच इतिहासातून दाखवता येईल. समजा, महालातल्या एखाद्या जुन्या वाड्यात एक मोडी पत्र सापडले, त्यात इंग्रजांशी झालेल्या लढाईचा उल्लेख आहे आणि सन फक्त ‘समान अशर मयातैन व अलफ’ असा दिला आहे. या अरबी संख्यावाचक शब्दांची बेरीज १२१८ होते. हिजरी सनाचे कोष्टक उघडणारा उत्साही वाचक त्यावरून १८०३ हे वर्ष काढील, आणि त्या वर्षी नोव्हेंबरात भोसले व इंग्रज यांची अडगावला लढाई झालेलीच असल्याने त्याला आपला निष्कर्ष पक्का वाटेल. परंतु मराठी दप्तरांतला हा सन सहसा सुहूर असतो. तो सौर आहे आणि मृगाच्या सुमारास बदलतो. इसवी सन काढण्यासाठी त्यात जून ते डिसेंबर या महिन्यांना ५९९ आणि जानेवारी ते मे या महिन्यांना ६०० मिळवावे लागतात. पत्र कार्तिकातले असेल, तर ते १८१७ सालचे ठरते, म्हणजे आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली त्या दिवसांतले. चौदा वर्षांची चूक, आणि तीही सहज पटेल अशी! इतके झाल्यावरही इतिहासकार थांबत नाही. पत्र कोणी, कोणाला आणि कोणत्या हेतूने लिहिले, हस्ताक्षर व कागद त्या काळाशी जुळतात का, नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) जेंकिन्स याच्या पत्रव्यवहाराशी मजकूर कुठे जुळतो आणि कुठे फारकत घेतो, हे सारे तपासल्यावरच तो बोलतो, आणि ‘इथपर्यंत सांगता येते, यापुढे नाही’ असेही स्पष्ट म्हणतो. हे म्हणण्याचे बळ त्याला पुराव्यामुळे येते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराला अशी कोणतीच मर्यादा नसते.

ही परंपरा या शहराला परकी नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून ताम्रपट आणि शिलालेख वाचले. विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक घराण्याच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादित केलेला खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासकांना त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. पण तोच विषय त्यांनी मराठीतही मांडला, हे मला तितकेच मोलाचे वाटते. रामटेकजवळचे नगरधन हेच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, आणि तिथून वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेने मुलाच्या वतीने राज्यकारभार चालवला, हे येथील सामान्य माणसाला ठाऊक होते ते अशा लेखनामुळे. आजच्या प्राध्यापकाची अवस्था वेगळी आहे. बढतीसाठी त्याचे शोधनिबंध मोजले जातात. तालुक्याच्या वाचनालयात दिलेले व्याख्यान किंवा दैनिकातला मराठी लेख यांना त्या हिशोबात फारशी किंमत नसते. मग अभ्यासक लोकांपासून दूर गेले म्हणून केवळ त्यांनाच दोष देणे योग्य नव्हे. तथापि आपल्या विषयाबद्दल उघड खोटे पसरत असताना मौन पाळणाऱ्या विद्वानांनाही मी निर्दोष म्हणणार नाही.

शिवाय इतिहास केवळ दप्तरांत नसतो. नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंदशाहाच्या गोंड राज्याबद्दल मराठी व इंग्रजी कागद बोलतात ते बहुतेक बाहेरच्यांच्या नजरेने. तिथे गोंडी परंपरा, गाणी आणि स्थळे यांचाही तितक्याच काटेकोरपणे अभ्यास व्हायला हवा. त्याहूनही निकडीचे काम दीक्षाभूमीशी जोडलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा वडिलांचे बोट धरून आलेली मुले आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गावाहून कसे निघालो, मुक्काम कुठे केला, परतल्यावर गावकरी कसे वागले, या त्यांच्या आठवणी प्रशिक्षित अभ्यासकाने नीट प्रश्न विचारून, ध्वनिमुद्रित करून, इतर पुराव्यांशी ताडून ठेवल्या पाहिजेत. या कामाला आणखी दहा वर्षे थांबता येणार नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, इतिहासविषयक वादाची बातमी देताना त्या काळाच्या अभ्यासकाचे मत त्याच दिवशी, आधारासह आणि पुरेशा जागेत छापावे. विद्यापीठाने मोडीचे वर्ग सायंकाळीही चालवावेत आणि अध्यापकांच्या मराठी लेखनाची नोंद त्यांच्या कामात घ्यावी. ज्यांच्या घरात जुने मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदपत्रे, पडून आहेत त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी पुराभिलेखागारातल्या किंवा विद्यापीठातल्या जाणकाराला एकदा दाखवावेत. देऊन टाकायचे नसतील, तर निदान त्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
महाल, नागपूर