बॅकअप पाऊण तासाचा, मीटर महिनाभराचा

संपादक महोदय,

१४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन आला की ऑफिसाऑफिसांत 'बाहेर पडताना दिवे-पंखे बंद करा' अशा चिठ्ठ्या नव्याने लागतात. आमच्या ऑफिसातली चिठ्ठी मीच चिकटवतो. पण ती चिकटवताना आमच्याच नावावरचा एक सर्व्हर मुंबईकडच्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये रात्रंदिवस रिकामा फिरतोय, याचा मला दीड वर्ष पत्ता नव्हता.

गोकुळ शिरगावच्या एका मशिन शॉपमध्ये मी अकाउंट्स बघतो. कारखाना छोटा, पण प्रायव्हेट लिमिटेड. अशा कंपन्यांच्या संगणकावरच्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा असतो आणि कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ ला झालेल्या दुरुस्तीपासून तो रोजच्या रोज घ्यावा लागतो. तोवर आमचं पेनड्राइव्हवर भागत होतं. शनिवारी मालक तो खिशात घालून घरी नेत. ऑडिटरांनी डोळे वटारल्यावर व्हेंडर बोलावला. त्याने क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा, तासाच्या भाड्याचा सर्व्हर उभा केला आणि पासवर्डचा कागद हातात ठेवून तो गेला.

बिल दरमहा कार्डावरून परस्पर कटायचं. यंदा एकदा सवडीने त्याचं दुसरं पान उघडलं, तर सर्व्हरच्या भाड्यासमोर तास लिहिले होते ७४४. एकतीस गुणिले चोवीस! आमच्या टॅलीचा आणि ड्रॉइंगचा बॅकअप रात्री अकराला सुरू होतो आणि पाऊण तासात आटोपतो. महिन्याचं काम जेमतेम २३ तासांचं. उरलेल्या सुमारे ७२० तासांचं भाडं आम्ही कशाचं भरत होतो? शॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसर अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसताच, घुरघुरत राहिला तर सुपरवायझरला सोमवारी मालकांसमोर उभं राहावं लागतं. हा कॉम्प्रेसर मात्र कुणाला ऐकूच येत नव्हता.

व्हेंडरला फोन केला. म्हणाला, "साहेब, सर्व्हर म्हटल्यावर तो चालूच ठेवायचा असतो." हे पत्र लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

मग भाच्याला घेऊन बसलो. सर्व्हर ठरल्या वेळी सुरू आणि बंद करायची सोय क्लाउडच्या पॅनेलमध्येच होती. पहिला घोटाळा माझाच. रात्रीचे अकरा म्हणून २३:०० टाकलं. ते घड्याळ निघालं ग्रीनिचचं, आणि सर्व्हर उठला पहाटे साडेचारला. ते निस्तरलं, तर महिनाअखेरीस बॅकअप लांबला आणि बाराच्या ठोक्याला सर्व्हर अर्ध्यातच बंद पडला. सकाळी लॉगमध्ये लाल ओळ! त्यामुळे आता घड्याळ पाहून फक्त सुरू करतो. बंद करायचं काम बॅकअप घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, म्हणजे स्क्रिप्टकडे: फाइल पूर्ण उतरली, तपासणी झाली की तीच सर्व्हर बंद करते. दोन वाजेपर्यंत बंद झाला नाही तर मला मेल येतो. सर्व्हर जबरदस्तीने मात्र बंद पाडायचा नाही.

दोन-तीन गोष्टी ठेचा खाऊन कळल्या, त्या इतरांना सांगतो. 'बंद' म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. अझूरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, सर्व्हरच्या आत शिरून शटडाऊन केलं तरी भाडं चालूच राहतं. पॅनेलमध्ये 'डीॲलोकेटेड' (आपल्यासाठी राखलेलं मशिन सोडून दिलं) असं दिसलं, तरच ते थांबतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर आतून बंद केला तरी चालतं, पण त्याआधी सेटिंगमध्ये 'स्टॉप' आहे की 'टर्मिनेट' ते चष्मा लावून बघा. टर्मिनेट म्हणजे सर्व्हरच गेला. आणि दोन्हीकडे सर्व्हर झोपला तरी डिस्कचं भाडं सुटत नाही. महावितरणच्या बिलात युनिट शून्य आले म्हणून डिमांड चार्ज थोडाच माफ होतो? म्हणून आमचं बिल शून्यावर नाही आलं, साधारण एक तृतीयांशावर आलं. तेही काही कमी नाही.

मालकांची शंका रास्त होती: दिवसा अचानक जुनी फाइल लागली तर? गेल्या रविवारी त्यांच्यासमोर सर्व्हर चालू केला आणि जुन्या तारखेचं एक लेजर परत काढून दाखवलं. सर्व्हर उठायला तीन मिनिटं लागली.

आमच्या पट्ट्यात असे कितीतरी कारखाने असतील, जिथे बिलाचं दुसरं पान कुणी उघडलेलं नाही. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला पलीकडे फाइल घेणारा सर्व्हर लागतो, हे मान्य. तो चोवीस तास लागत नाही, हे विकणाऱ्याला आमच्याआधी ठाऊक असतं. औद्योगिक संघटनांनी आपल्या सभासदांच्या व्हेंडरांकडून एवढं तरी करून घ्यावं: हँडओव्हरच्या कागदावर पासवर्डच्या खाली एक ओळ वाढवावी, हा सर्व्हर रोज कधी बंद होतो आणि कोण करतं.

— एक अकाउंटंट, गोकुळ शिरगाव, जि. कोल्हापूर