ऑस्टिओपोरोसिस असेल तर व्हिटॅमिन डीची टेस्ट टाळू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत व्हिटॅमिन डीची टेस्ट उगाच करत बसू नका असा लेख आलाय तो वाचला. धडधाकट माणसासाठी ते बरोबरच आहे, एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ मध्ये तेच सांगितलंय. पण ज्यांना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार आहे त्यांचं काय, याबद्दल त्यात एक ओळ नाही, आणि नेमकी हीच माणसं असं काही वाचून डॉक्टरांनी लिहून दिलेली टेस्ट करायची टाळतात, आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी टाळली म्हणून हे पत्र.

लेखात व्हायटल नावाच्या अमेरिकन ट्रायलचा दाखला आहे. २०२२ मध्ये तिचा फ्रॅक्चरबद्दलचा निकाल आला, जवळपास २६ हजार लोक होते, रोज २००० युनिट डी देऊनही फ्रॅक्चर कमी झाली नाहीत. खरंय, पण त्या लोकांना डी कमी आहे किंवा हाडं ठिसूळ झालीत म्हणून निवडलंच नव्हतं, मग तो निकाल ठिसूळ हाडांच्या पेशंटला जसाच्या तसा कसा लावायचा?

डी कमी पडलं की खाल्लेलं कॅल्शियम आतड्यात नीट शोषलं जात नाही, मग पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं आणि ते हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, तिकडे हाडं झिजतच असतात.

माझ्या आईला झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी आधी डी बघितलं तर ते ९ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर) आलं, २० च्या खाली म्हणजे कमतरता धरतात. ते म्हणाले, आत्ता इंजेक्शन नाही, आधी हे भरून काढू. कारण हे औषध हाडांची झीज थांबवतं, म्हणजे हाडांतून रक्तात येणारं कॅल्शियमही थांबतं, आणि डी नसेल तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं, मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, पायात गोळे, कधी त्याहूनही गंभीर. दर सहा महिन्यांनी घेतात त्या डेनोसुमॅब नावाच्या इंजेक्शनलाही हेच लागू आहे आणि किडनी कमजोर असेल तर धोका अजून जास्त. ती टेस्ट झाली नसती तर काय झालं असतं याचा विचार केला तरी मला धस्स होतं.

याच्या उलटही होतं बरं का. डी ३५ झालं की लोक ऑस्टिओपोरोसिसचं औषध बंद करतात. असं अजिबात करू नका, डी भरून काढणं हा पाया आहे, तेवढ्याने ऑस्टिओपोरोसिस बरा होत नाही. आणि एकदाच भरमसाठ डोस घेऊन मोकळं व्हायचं हेही नको, ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले तर पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढले, २०१० मध्ये आलाय तो अभ्यास.

अजून एक, टेस्ट २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच हवी. १,२५ डायहायड्रॉक्सी नावाची वेगळी टेस्ट असते, ती कमतरता असतानाही नॉर्मल येऊ शकते. आणि रिपोर्टवर युनिट बघा, काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथले ५० म्हणजे नॅनोग्रॅमचे २०.

पुढच्या पुरवणीत एवढं तरी छापा, की हाडांचं इंजेक्शन ठरलं असेल तर डी आणि कॅल्शियमचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते घेऊ नका.

आपली,
एक नियमित वाचक